घोडं अडलं कुठं? प्रेमकादंबऱ्या आणि किशोरांच्या कादंबऱ्या वाचताना

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी बहिणी फैजपूरजवळच्या माहेरी जमलो होतो. धाकट्या बहिणीची मुलगी अकरावीत शिकते. चार दिवसांच्या मुक्कामासाठी ती कपड्यांपेक्षा जड अशी पुस्तकांची पिशवी घेऊन आली होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा दिवस कलल्यावर ती त्या झोक्यावर पाय दुमडून बसायची आणि एकामागून एक इंग्रजी प्रेमकादंबरी संपवायची. माझ्या आईला राहवेना. “काय वाचू राह्यली व माय एवढं?” असे तिने विचारले, तेव्हा भाचीने हातातल्या कादंबरीची गोष्ट आजीला समजेल अशा शब्दांत सांगितली: ती मुलगी पीएचडी करते, तो त्याच विभागात प्राध्यापक आहे, दोघांनी लोकांना दाखवायला प्रेमाचे नाटक सुरू केले, आता दोघांनाही ते खरेच वाटू लागले आहे, पण कोणीच बोलत नाही. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग लगन कामून नही करत ते? घोडं अडलं कुठं?”

भाचीकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते. मी भुसावळला राहते, नोकरीसाठी रोज जळगावला जाते आणि गेली चार वर्षे त्या जाण्यायेण्यात मुख्यतः अशाच कादंबऱ्या वाचते. मला त्या मनापासून आवडतात. त्यांना हलके साहित्य म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी पुष्कळदा वाद घातला आहे. पण कोणती कादंबरी चांगली आणि कोणती फक्त गोड, हे ठरवताना मी नेहमी संवाद, विनोद, नायकाचा स्वभाव असल्या गोष्टींकडे पाहत आले होते. आईच्या प्रश्नाने माझे लक्ष मुळाकडे वळले. प्रेमकथेत दोघे एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्यामुळे त्यांच्या मध्ये जो अडसर आहे तो किती खरा, यावरच सगळी इमारत उभी असते. अडसर खरा असला की तीनशे पाने कमी वाटतात आणि तो खोटा असला की पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटावेसे वाटते. पुढे जे लिहिते आहे ते याच कसोटीवर.

आईने जिच्याविषयी विचारले ती कादंबरी अली हेझलवूड यांची ‘द लव्ह हायपोथेसिस’, २०२१ सालची. ऑलिव्ह स्मिथ ही स्टॅनफर्ड विद्यापीठात जीवशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे. आपल्याला दुसरा कोणी आवडतो हे मैत्रिणीला पटावे म्हणून ती कॉरिडॉरमध्ये समोर दिसलेल्या पहिल्या माणसाचे चुंबन घेते आणि तो नेमका विभागातला सर्वांत कडक प्राध्यापक ॲडम कार्लसन निघतो. मुळात ही गोष्ट ‘स्टार वॉर्स’च्या पात्रांवर रचलेली फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्याने लिहिलेली कथा, होती आणि नंतर तिला कादंबरीचे रूप मिळाले. सुरुवात फार आकर्षक आहे. प्रयोगशाळेतली रात्रीची कामे, संशोधनासाठी निधी आणि जागा मिळवण्याची धडपड, आपण या क्षेत्रात राहायला लायक आहोत का ही मुलीच्या मनातली भीती, हे सगळे आतून माहीत असलेल्या लेखिकेने लिहिले आहे आणि ते जाणवते. पण प्रेमातला अडसर मात्र एका वाक्याचा आहे. ते वाक्य शंभराव्या पानावर बोलले गेले असते तर कादंबरी तिथेच संपली असती, म्हणून ते बोलले जात नाही. मला जास्त वाईट याचे वाटले की कथेत एक खरा अडसर येतो, एका वरिष्ठ शास्त्रज्ञाकडून ऑलिव्हला होणारा त्रास. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही या धास्तीने ती गप्प राहते. ती पाने वाचताना माझा घसा कोरडा पडला होता. तिथे थांबायला हवे होते, पण लेखिका फार घाईने तिथून पुढे जाते.

सॅली थॉर्न यांची ‘द हेटिंग गेम’ (२०१६) मी तिच्याहून वर ठेवते, जरी अडसर तिथेही पातळच आहे. दोन प्रकाशन संस्थांचे विलीनीकरण झाले आहे, दोन्हीकडच्या प्रमुखांचे दोन सहायक एकाच दालनात समोरासमोर बसतात, आणि एकाच बढतीसाठी दोघांत चुरस लागते. आधी वैर आणि मग प्रेम, आजकालचे वाचक ज्याला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात, त्या ठरलेल्या कथासूत्राचा हा अगदी ठसठशीत नमुना आहे. त्या दोघांतली ल्युसी हटन स्ट्रॉबेरीच्या बागेतून आलेली मुलगी आहे. घरून निघालेली, आईवडिलांची आठवण काढणारी, मोठ्या शहरात ऑफिसबाहेर फारसे कोणी नसलेली. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांमधून पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलींना तिचे एकटेपण सांगावे लागणार नाही. समोर बसणाऱ्या जोशुआच्या डोळ्यांचे आणि शर्टांचे वर्णन कमी करून हे एकटेपण वाढवले असते तर पुस्तक आणखी वर गेले असते.

आता ज्या कादंबरीवर मला मनापासून बोलायचे आहे ती घेते. एमिली हेन्री यांची ‘बुक लव्हर्स’ २०२२ साली आली. नोरा स्टीफन्स ही न्यूयॉर्कमधली साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारी, आहे. गावाकडे जाऊन एखाद्या साध्या मुलीच्या प्रेमात पडणाऱ्या नायकाने जिला शहरात मागे सोडलेले असते, ती करडी, उंच टाचांची, कामात बुडालेली बाई म्हणजे नोरा. लेखिकेने त्या बाईलाच नायिका केले, ही कल्पनाच मला फार आवडली. बहिणीच्या हट्टाखातर ती नॉर्थ कॅरोलायनातल्या सनशाइन फॉल्स नावाच्या लहानशा गावी महिनाभर राहायला जाते. तिथे तिला चार्ली लास्ट्रा भेटतो, न्यूयॉर्कचाच संपादक, जो मूळचा याच गावचा आहे आणि घरच्यांना गरज आहे म्हणून परत आलेला आहे. वडिलांची तब्येत, घरचे पुस्तकांचे दुकान, आईवर पडणारा भार. नोराचे सगळे आयुष्य न्यूयॉर्कमध्ये आहे आणि चार्लीला इथून निघता येत नाही. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, दोघेही समजूतदार आहेत, दोघेही मोकळेपणाने बोलतात, आणि तरीही मार्ग निघत नाही.

“लगन कामून नही करत?” या प्रश्नाला इथे पूर्ण उत्तर आहे, आणि ते आपल्याकडच्या घराघरांत माहीत असलेले उत्तर आहे. माझ्या ओळखीतला एक मुलगा पुण्यातली चांगली नोकरी सोडून चोपडा तालुक्यात परतला, कारण वडिलांना अर्धांगवायू झाला आणि बारा एकर शेती बघायला कोणी उरले नाही. त्याचे ज्या मुलीशी ठरत होते ती पुण्यातच राहिली. त्यांच्यात भांडण झाले नाही, गैरसमज झाला नाही, कोणी कोणाला फसवले नाही. तो मुलगा मला भेटला तेव्हा माझ्या हातात हेच पुस्तक होते, आणि पुढची चाळीस पाने मी चार्लीच्या जागी त्यालाच पाहत वाचली. परदेशी कादंबरीतल्या गावाचे नाव, हवा, खाणे सगळे वेगळे असूनही इतके जवळचे वाटावे, याचे श्रेय लेखिकेने निवडलेल्या अडसराला आहे. शेवट सांगत नाही. एवढेच म्हणते, की गाठ सोडवताना लेखिकेने तिसऱ्याच एका पात्राची सोय कामाला लावली आहे आणि ते मला पुरते पटले नाही. तीनशे पाने जी गाठ इतक्या प्रामाणिकपणे घट्ट केली, ती शेवटच्या वीस पानांत फार सहज सुटते. तरीही या प्रकारातले एकच पुस्तक घ्यायचे असेल तर मी हेच घ्यायला सांगेन.

आईचा प्रश्न ज्या पुस्तकात स्वतःच अडसर होऊन उभा राहतो, ते म्हणजे संध्या मेनन यांचे ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ (२०१७). डिंपल शाह अठरा वर्षांची आहे, नुकतीच शाळा संपवून स्टॅनफर्डला जाणार आहे, तिला प्रोग्रॅमिंगमध्ये नाव काढायचे आहे आणि तिच्या आईला मात्र तिच्यासाठी आदर्श भारतीय नवरा शोधायचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या उन्हाळी शिबिराला आईवडील इतक्या सहज होकार कसा देतात याचे तिला आश्चर्य वाटते. खरे कारण असे, की त्यांनी निवडलेला ऋषी पटेलही तिथेच येणार आहे. ऋषीला सगळे माहीत आहे, डिंपलला काहीच नाही. तो मोठ्या उत्साहाने जाऊन तिला भावी पत्नी म्हणून हाक मारतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते.

हा प्रसंग वाचताना आनंद झालाच, पण त्याहून अधिक मला ऋषीविषयी वाटले. आपल्या आईवडिलांनी ठरवलेल्या लग्नावर मनापासून श्रद्धा असलेला, परंपरेत रमणारा मुलगा या प्रकारच्या कादंबरीत सहसा खलनायक तरी असतो किंवा बावळट तरी. इथे तो नायक आहे, आणि त्याचा स्वतःचा अडसर वेगळाच आहे. त्याला चित्रकथा काढायच्या आहेत, हात त्यासाठीच घडलेला आहे, आणि वडिलांसाठी तो अभियांत्रिकीला निघाला आहे. आपल्याकडे बारावीनंतर ज्या मुलामुलींच्या वह्यांची मागची पाने चित्रांनी भरलेली असतात आणि प्रवेशाच्या अर्जावर मात्र अभियांत्रिकी लिहिलेले असते, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. माझी तक्रार उत्तरार्धाविषयी आहे. डिंपलला मधुमेही वडिलांसारख्या रुग्णांसाठी ॲप बनवायचे असते, ही सुंदर कल्पना आहे. पण पुढे नाचगाण्याची स्पर्धा, श्रीमंत मुलांची टवाळी आणि रुसवेफुगवे यांतच शिबिराचे दिवस सरतात आणि ते ॲप आकार घेताना आपल्याला फारसे दिसतच नाही. जी मुलगी कामासाठी लग्नाला नकार देते तिचे काम वाचकाने पाहायला नको का? याच कादंबरीवरून २०२० साली ‘मिसमॅच्ड’ ही मालिका आली आणि तिच्यात गोष्ट जयपूरला नेली आहे. मालिका पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे, कारण परदेशात वाढलेल्या मुलीची घालमेल पुस्तकातच आहे.

इथून मी किशोरवयीनांच्या कादंबऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना दुकानात ‘यंग अडल्ट’ आणि मुलांच्या तोंडी ‘वायए’ म्हणतात त्यांच्याकडे वळते. माझे मत असे बनले आहे, की अडसराच्या बाबतीत या कादंबऱ्या मोठ्यांच्या प्रेमकादंबऱ्यांपेक्षा सरस आहेत. कारण उघड आहे. तिशीतली, कमावती, एकटी राहणारी दोन माणसे एकमेकांना आवडली तर त्यांना अडवण्यासाठी लेखकाला काहीतरी रचावे लागते. सोळा वर्षांच्या मुलांना रचलेल्या अडसराची गरजच नसते. त्यांच्याकडे पैसे नसतात, स्वतःची खोली नसते, कुठे जायचे ते ठरवण्याचा अधिकार नसतो.

रेनबो रॉवेल यांची ‘एलेनॉर अँड पार्क’ (२०१२) हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. काळ १९८६, स्थळ अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले ओमाहा शहर. शाळेच्या बसमध्ये नवी मुलगी चढते. अंगाने जाड, लाल कुरळे केस, पुरुषी मापाचे जुने कपडे. तिला कोणी शेजारी बसू देत नाही, आणि पार्क नावाचा मुलगा नाइलाजाने, जवळजवळ रागावूनच, सरकून जागा देतो. पुढचे कित्येक दिवस दोघे एक शब्दही बोलत नाहीत. पार्क कॉमिक्स वाचत असतो आणि ती शेजारून चोरून वाचते हे त्याच्या लक्षात येते. मग तो तिची नजर पोचेल अशा बेताने पुस्तक थोडे अधिक उघडे धरतो आणि पान उलटण्यापूर्वी तिच्यासाठी थांबतो. त्यांचे पहिले संभाषण म्हणजे हे थांबणे. गेल्या कित्येक वर्षांत मी याहून नाजूक प्रेमप्रसंग वाचलेला नाही.

ज्यांनी यावल-चोपड्याकडच्या खेड्यांतून तालुक्याच्या कॉलेजात एसटीने जाण्यायेण्यात तारुण्य घालवले आहे, त्यांना बसमधल्या शेजारच्या जागेचे वजन वेगळे समजवायला नको. मुलीच्या शेजारी मुलगा बसला ही बातमी गाडी फाट्यावर पोचण्याआधी घरी पोचते. एलेनॉरच्या घरी तर याहून कठीण परिस्थिती आहे. सावत्र बाप दारुडा आणि क्रूर आहे, पाच भावंडे एका खोलीत झोपतात, न्हाणीघराला दार नाही. पार्क तिला गाणी ऐकायला सुचवतो तेव्हा वॉकमनला बॅटऱ्याच नाहीत हे तिला सांगावे लागते. प्रेमाच्या कादंबरीत बॅटरीचा उल्लेख इतका रडवणारा असू शकतो हे मला ठाऊक नव्हते. या पुस्तकावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो लपवू नये. पार्कच्या कोरियन आईचे आणि एकूणच कोरियन असण्याचे चित्रण साचेबंद आहे असे अनेक कोरियन-अमेरिकी वाचकांनी म्हटले आहे. पुन्हा वाचताना मलाही ते खटकले. आईला बाहुलीसारखी छोटी, मोडके इंग्रजी बोलणारी असे दाखवून लेखिका तिच्या मनात फारशी शिरत नाही. बाकीच्या पुस्तकाची बारकाई तिच्या वाट्याला का आली नाही, असे वाटत राहते.

जॉन ग्रीन यांच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’विषयी (२०१२) इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात सांगते. हेझल सोळा वर्षांची आहे, थायरॉइडचा कर्करोग फुफ्फुसात पसरलेला, ऑक्सिजनचा सिलिंडर सतत सोबत. ऑगस्टसने हाडाच्या कर्करोगात एक पाय गमावला आहे. हेझल त्याला दूर ठेवते, कारण ती स्वतःला हातबॉम्ब समजते. आज ना उद्या फुटणार आणि जवळ असलेल्यांना जखमी करणार. याहून खरा अडसर कोणता असणार? मुले सोळाव्या वर्षी असे तत्त्वज्ञाच्या भाषेत बोलत नाहीत, ही टीका मला मान्य आहे. पण हेझलच्या आईवडिलांचे प्रसंग इतके साधे आणि सच्चे आहेत की त्यांच्यासाठी मी बाकी सगळे विसरते. ज्यांच्या घरात असा आजार होऊन गेला आहे त्यांनी मात्र वेळ पाहून हातात घ्यावे.

भाचीच्या पिशवीत आणखी एक पुस्तक होते आणि त्याविषयी मला काळजीने लिहायचे आहे. कॉलीन हूवर यांची ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ सालची आहे. पण तिचा खरा गाजावाजा पुढे पाच वर्षांनी टिकटॉकवर झाला. आपल्याकडे २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तरी इन्स्टाग्रामच्या रील्समधून ते पुस्तक जळगाव-भुसावळच्या मुलींपर्यंत पोचायचे ते पोचलेच. मुखपृष्ठावर फुले आहेत, मुली एकमेकींना ‘रोमान्स’ म्हणून देतात, आणि आत आहे ती घरातल्या मारहाणीची गोष्ट. लिली ब्लूमने लहानपणापासून वडिलांना आईला मारताना पाहिलेले आहे. बॉस्टनमध्ये तिला राईल नावाचा हुशार, देखणा, प्रेमळ डॉक्टर भेटतो, आणि एके दिवशी त्याचा हात उठतो. लेखिकेने पुस्तकाच्या अखेरीस लिहिले आहे की यामागे तिच्या स्वतःच्या आईचे आयुष्य आहे.

माझ्या कसोटीवर ही कादंबरी उलटी आहे. इथे अडसर एकत्र येण्यातला नसून सोडून जाण्यातला आहे. तो मारतो तर ती निघून का जात नाही, हा प्रश्न आपण किती सहज विचारतो. लेखिकेने वाचकाला आधी राईलच्या प्रेमात पाडले आहे, आणि मग पहिल्या मारानंतर वाचक स्वतःच त्याच्यासाठी सबबी शोधू लागतो: दमलेला होता, चुकून झाले, माफी तर मागितली. मी स्वतः तसे केले. ते लक्षात आले तेव्हा मला गाडीत बसल्या जागी लाज वाटली. या एका गोष्टीसाठी मी या पुस्तकाला मोठे मानते, त्याची भाषा बऱ्याच जागी सैल आणि सिनेमासारखी असली तरी. लिलीच्या किशोरवयातल्या रोजनिशीचा भाग मला लांबलेला वाटला. पण माझा मोठा आक्षेप पुस्तकाच्या विक्रीवर आहे. २०२३ च्या सुरुवातीला या कादंबरीवर आधारित चित्रे रंगवण्याचे पुस्तक काढण्याची घोषणा झाली होती आणि वाचकांच्या संतापामुळे ती मागे घ्यावी लागली. मारहाणीच्या गोष्टीला फुलापानांच्या रंगात विकायचे, हे तिथे उघड दिसले. पंधरा वर्षांच्या मुलीने हे वाचूच नये असे मी म्हणत नाही. आत काय आहे ते तिला आधी सांगून मग द्यावे, आणि वाचून झाल्यावर तिच्याशी बोलायला घरातले कोणीतरी मोकळे असावे.

या पुस्तकाची भाचीकडची प्रत एका रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून दीडशे रुपयांना घेतलेली होती, आणि ती मीच घेऊन दिली होती. दुकानातल्या प्रतीला याच्या दुपटीहून अधिक पैसे पडतात, म्हणून मी मोहात पडले. नक्कल छापलेली प्रत हातात घेताच कळते, फक्त पाहायची इच्छा हवी. कागद राखाडी आणि इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसतात, शाई बोटाला लागते, ओळी पानावर किंचित तिरक्या आणि कण्यावरचे नाव मधोमध नसून एका बाजूला सरकलेले. त्या प्रतीत बत्तीस पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला होता आणि त्यापुढचा फर्मा गायब होता. गायब झालेली पाने नेमकी पहिल्या मारानंतरची होती. भाचीला वाटले की लेखिकेनेच तो भाग सोडून दिला आहे आणि लिलीने राईलला विनाकारण इतक्या लवकर माफ केले. “मावशी, ही अशी मूर्ख कशी?” असे तिने मला रागाने विचारले होते. मी मोबाइलवर तो भाग काढून दिला, तिने झोक्यावर बसून तो वाचला, आणि बराच वेळ झोका हलला नाही. पुढच्याच आठवड्यात मी दुकानातून खरी प्रत आणली. तेव्हापासून नक्कल प्रत घेतलेली नाही.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे लिहून ठेवते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. कार्टूनसारख्या रंगीत मुखपृष्ठावरून पुस्तक मुलांचे आहे असे समजू नये. ‘द लव्ह हायपोथेसिस’ आणि ‘द हेटिंग गेम’ यांची मुखपृष्ठे गोड असली तरी आतले शरीरसंबंधांचे वर्णन मोठ्यांसाठीचे आहे. वाचक मुली त्याला ‘स्पाइस’ म्हणतात आणि कोणत्या पुस्तकात ते किती आहे हे एकमेकींना बरोबर सांगतात. संध्या मेनन, जॉन ग्रीन आणि रेनबो रॉवेल यांची वर उल्लेखिलेली पुस्तके मात्र याच वयासाठी लिहिलेली आहेत.

आणि मराठीत काय? हा प्रश्न मला दर वेळी दुखावतो. आपल्याकडे खरा अडसर मांडणारी प्रेमकादंबरी नव्हती असे नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि ज्यू निर्वासित हेर्टा एकमेकांना भेटतात, आणि दोघांच्या मध्ये सगळे जग पेट घेऊन उभे असते. आमच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी पंचविसाव्या वर्षी ‘कोसला’ (१९६३) लिहून खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे एकाकीपण मराठीत कायमचे नोंदवले. पण त्या मुलाला मराठीने आवाज दिला तसा तालुक्याच्या कॉलेजात एसटीने जाणाऱ्या मुलीला, तिच्या प्रेमाला, तिच्या जातीच्या आणि घराच्या अडसराला, सोळा-सतरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेल्या किती कादंबऱ्यांनी दिला? माझी भाची इंग्रजी वाचते ते तिला मराठी नको आहे म्हणून नव्हे. तिच्या वयाचे मराठी तिच्या हातात कोणी ठेवत नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावच्या व. वा. वाचनालयातून मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) घरी आणली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याचे मित्र, वर्गातली शिरोडकर, आणि नुसते रस्त्याने मागे चालत जाण्यात किंवा क्लासला एकाच वेळी पोचण्यात सामावलेले सगळे प्रेम. भाचीला पहिली वीस पाने मुलांची बोली जड गेली, कारण ती आपल्याकडची नाही. पण त्यानंतर तिने पुस्तक सोडले नाही. मराठीत असल्यामुळे ती ते आजीला मोठ्याने वाचून दाखवू लागली. रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, ओट्यावर. सात-आठ दिवस हे चालले. आई शेंगा फोडत ऐकायची. “लगन कामून नही करत” असे तिने या वेळी एकदाही विचारले नाही. नववीतली पोरे आहेत, मुलगी परक्याची आहे, घरी कळले तर काय होईल, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते तो भाग भाचीने वाचून संपवला आणि पुस्तक मिटले. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आन् त्या पोरीनं मांगून एक चिठ्ठी बी नही धाडली?”